जॉब कुणी ठरवायचा? फायनल फॅन्टसी ३, ५ आणि नंतरची मंडळी

नमस्कार मंडळी. आज गेमवर बोलायचंय, तेसुद्धा फायनल फॅन्टसी या जपानी रोल-प्लेइंग व्हिडिओ गेमच्या सिरीजवर, त्यामुळे ज्यांना यात काडीचाही रस नाही त्यांनी खुशाल चहा टाकून यावं, बाकीच्यांनी बसा.

या सिरीजमधल्या काही गेममध्ये प्रत्येक पात्राला एक जॉब असतो, म्हणजे नाइट, थीफ, व्हाइट मेज (बरं करणारा जादूगार), ब्लॅक मेज (मारणारा जादूगार) वगैरे. १९८७ च्या पहिल्या गेममध्ये सुरुवातीलाच चौघांचे जॉब ठरवायचे आणि शेवटपर्यंत तेच निभावायचे, मध्ये बाहामुट नावाच्या ड्रॅगनला उंदराची शेपटी नेऊन दिली की प्रमोशन मिळतं, बस. हवा तेव्हा जॉब बदलायची सोय आली १९९० च्या तिसऱ्या भागात, आणि १९९२ च्या पाचव्यात ती खरी रंगली. दोन्हीत वीसच्या वर जॉब, दोन्हीत क्रिस्टलकडून (जादूच्या स्फटिकाकडून) मिळणार, वरवर बघितलं तर भाऊभाऊच. पण तिसऱ्यात तुमचा जॉब गेम ठरवतो आणि पाचव्यात तुम्ही ठरवता, माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

तिसरा आला फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या गेम मशीनवर. नव्वदीत आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून जे मशीन मिळायचं, ज्यावर आपण काँट्रा आणि मारिओ खेळायचो, ती बहुतेक याच फॅमिकॉमची कॉपी, पण हा गेम काही आपल्यापर्यंत पोचला नाही, कारण तो होता जपानीत आणि अधिकृत इंग्रजीत यायला थेट २००६ साल उजाडलं, तेही निन्टेन्डो डीएसवर. आता यातली गंमत बघा. एका ठिकाणी सगळ्यांना बोटभर होऊन आत शिरावं लागतं, आणि बोटभर माणसाच्या तलवारीने कुणाचं काय होणार, म्हणून चौघांनाही मेज करा. पुढे हाइन नावाचा बॉस मधेमधे आपला वीक पॉइंट बदलतो, तो कळायला स्कॉलर घ्या. मग सॅरोनियात गरुडा (हो, आपलाच गरुड, इथे व्हिलन करून टाकलाय), तो अख्ख्या पार्टीवर वीज पाडतो आणि दोन तडाख्यांत खेळ खल्लास. पण त्याच शहरात ड्रॅगून या जॉबचं सामान मिळतं, ड्रॅगून उडी मारून हवेत असला की त्याला वीज लागत नाही, चौघांना ड्रॅगून केलं की गरुडा लोळतो.

पहिल्यांदा हे भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. पण नंतर लक्षात येतं की प्रत्येक कुलपाची किल्ली गेमनेच शेजारी ठेवलीय आणि आपण नुसतं फिरवायचं काम करतोय. त्यात मूळ फॅमिकॉमवर जॉब बदलायला पॉइंट मोजावे लागायचे, आणि शेवटी शेवटी निन्जा आणि सेज मिळाले की बाकी सगळे जॉब अडगळीत. शेवटच्या डन्जनला तर मधे सेव्हच नाही, भलामोठा टॉवर चढा, त्यापुढे अंधाराची दुनिया, आणि तिथे मेलात की सगळं पहिल्यापासून. पिक्सेल रीमास्टर या नव्या आवृत्तीत कुठेही क्विक सेव्ह करता येतं, म्हणून आता नवीन खेळणाऱ्याने तोच घ्यावा.

पाचव्यात काय केलं, तर एका जॉबमध्ये शिकलेली अ‍ॅबिलिटी दुसऱ्या जॉबला लावता येते. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण समजा तुमची लेना (गेममधली एक नायिका) मंक, म्हणजे नुसत्या हातांनी लढणारा, म्हणून थोडं खेळली आणि बेअरहॅन्डेड शिकली, मग तिला व्हाइट मेज करून ती अ‍ॅबिलिटी लावलीत, तर अंगात पांढरा झगा, हातात काही नाही आणि बुक्की मात्र मंकची. हे तुम्हाला कुणी सांगत नाही, सापडतं. ब्लू मेज तर वेगळंच प्रकरण, शत्रूचा वार अंगावर घेतला की तो शिकतो, त्यात लेव्हल ५ डेथ असा एक स्पेल आहे ज्याने पाचने भाग जाणाऱ्या लेव्हलचे शत्रू थेट मरतात, आणि अ‍ॅडमॅन्टॉइज नावाचं एक कासव बॉस म्हणून येतं त्याची लेव्हल नेमकी २०! एका स्पेलमध्ये कासव गार. आणि मास्टर केलेल्या जॉबचे गुण शेवटी साध्या फ्रीलान्सरला (म्हणजे कुठलाच खास जॉब नसलेल्याला) मिळतात, म्हणजे तासन् तास केलेली हमाली वाया जात नाही.

स्टोरी मात्र पाचव्याची अगदीच साधी, एक्सडेथ हा व्हिलन म्हणजे चक्क एक झाड. चालतंय. फोर जॉब फिएस्टा नावाचा एक चॅरिटी इव्हेंट होतो त्यात प्रत्येक क्रिस्टलमागे एक जॉब नशिबाने मिळतो आणि त्या चारांवरच पूर्ण गेम काढायचा, आणि बर्सर्कर मिळाला तर बोंबला, कारण तो तुमचं ऐकतच नाही, स्वतःच जाऊन मारतो. तरी लोक गेम संपवतात. तिसऱ्यात हा प्रकार करून बघा, गरुडापाशीच बसाल रडत.

२००३ च्या फायनल फॅन्टसी टेन-टूमध्ये लढाई चालू असताना ड्रेस बदलला की जॉब बदलतो, मस्त आहे, लोक उगाच नावं ठेवतात.

पाचव्याचा खरा वारस म्हणाल तर ब्रेव्हली डीफॉल्ट हा वेगळ्या नावाचा गेम, निन्टेन्डो थ्रीडीएसवर जपानमध्ये २०१२ ला आला. इथे एखाद्या जॉबचा मार आधी बॉसकडून खायचा, त्याला हरवलं की तोच जॉब तुमचा. वर डीफॉल्ट केलं, म्हणजे वार न करता बचाव घेतला, की टर्न साठतो आणि ब्रेव्ह केलं की पुढचे टर्न उसने घेऊन एकदम चार वार करता येतात, पण शत्रू वाचला तर मग उधारी फिटेपर्यंत उभे रहा मार खात. पहिला अर्धा भाग नंबर एक. नंतर तेच क्रिस्टल, तेच बॉस, परत परत, डोकं उठतं.

२०२१ चा ब्रेव्हली डीफॉल्ट टू निन्टेन्डो स्विचवर आला, त्यात बॉसना काउंटर दिलेत, एखादा ठरावीक प्रकारचा वार केला की ते उलट मारतात, म्हणजे परत जॉब बॉसला बघून निवडा, परत तिसऱ्या भागाचाच आजार. फक्त इथे तो फोडायला इतक्या अ‍ॅबिलिटी हाताशी आहेत की दोन-चार वेळा हरल्यावर काहीतरी आचरट कॉम्बो जमतोच, म्हणून माफ. तर माझा नंबर असा: पाचवा, मग पहिला ब्रेव्हली (त्याचा एचडी रीमास्टर २०२५ ला स्विच टू वर आलाय), मग ब्रेव्हली टू, आणि फायनल फॅन्टसीचा तिसरा हातात वेळ भरपूर असेल तरच.