साठेखत, खरेदीखत आणि सातबारा: मालकी नेमकी कशाने बदलते?

नमस्कार श्रोतेहो.

'जागा नावावर झाली' असं आपण सहज म्हणतो. पण ती कुठल्या कागदाने झाली, हे विचारलं की कुणी साठेखत पुढे करतं, कुणी कुलमुखत्यारपत्र, तर कुणी सातबारा. विक्रीच्या व्यवहारात या तिन्हींपैकी एकानेही मालकी बदलत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं, की १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. तो दस्त म्हणजे खरेदीखत. शंभर रुपयांत आज कुंपणाची तारही येत नाही, म्हणजे सगळेच व्यवहार त्यात आले.

साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय, की अशा कराराने मिळकतीत कसलाही हक्क निर्माण होत नाही. विकणारा फिरला, तर करार पुरा करून घेण्यासाठी दावा लावता येतो, एवढीच त्याची ताकद. त्यातही एक खाच आहे. साठेखतात 'ताबा दिला' असं लिहिलं, की आपल्या राज्यात त्यावर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं. लोक शुल्क वाचवायला साठेखतावर थांबतात, ताब्याची ओळ मात्र घालतात, आणि वसुलीची नोटीस आली की चक्रावतात.

कुलमुखत्यारपत्राचंही तसंच. ते फक्त दुसऱ्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार देतं. मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र अशी मोट बांधून केलेल्या 'विक्री'ने मालकी जात नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे. शिवाय साधं मुखत्यारपत्र लिहून देणारा वारला, की त्याच्याबरोबर संपतं.

आता खरेदीखताकडे येऊ. ते लिहिण्याआधी मिळकतीच्या जुन्या व्यवहारांचा शोध घ्यायचा, साधारण ३० वर्षांचा. त्यासाठी नोंदणी कार्यालयातल्या सूची क्रमांक दोनचे, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याचे, उतारे बघायचे आणि जमीन असेल तर सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या महसुली नोंदी, हेही काढायचे. नुसता ताजा सातबारा बघून भागत नाही. वडील वारल्यावर वारसनोंदीत मुलांची नावं लागली आणि बहिणीचं राहिलं, हे फक्त जुन्या फेरफारात कळतं. ती बहीण पुढे दावा लावते, आणि तिचा हिस्सा तिने विकलेलाच नसतो. अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेल्या मुलाचा स्वतंत्र हिस्सा असेल, तर पालकाला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग दोन', म्हणजे विक्रीवर अटी असलेली जमीन, असं दिसलं, तर त्या अटींप्रमाणे आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी. 'इतर हक्क' हा रकाना तर भिंग लावून वाचावा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, भूसंपादनाचा शेरा, सगळं तिथेच असतं. आणि शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी नसेल, तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं.

दस्तात सगळ्यात जास्त चुका मिळकतीच्या वर्णनात होतात. गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार म्हणजे शेतसारा, आणि चतुःसीमा: पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस. जुन्या दस्तावरून चतुःसीमा उतरवून घेतात, आणि पूर्वेच्या शेताचा मालक वीस वर्षांपूर्वीच बदललेला असतो. टंकलेखनाची चूक नंतर चूक दुरुस्ती पत्राने निघते, पण त्यालाही दोन्ही बाजूंच्या सह्या आणि नोंदणी लागते. पैसे मिळाल्यावर विकणारा पुन्हा कचेरीत यायला किती उत्सुक असतो, ते तुम्ही जाणताच.

मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरतक्ता, याप्रमाणे येणारं मूल्य यांत जे जास्त, त्यावर. मुंबईत ते अधिभारासह ६ टक्के पडतं, पुणे महापालिका हद्दीत ७. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं, तर १ टक्का सवलत. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार रुपये. शेतजमीन सोडून इतर मिळकतीची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर खरेदीदाराने १ टक्का कर कापून सरकारजमा करायचा. बरेच जण तो विसरतात.

दस्तावर सह्या झाल्या, की चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे तो सादर करायचा. पुढचे चार महिने दंड भरून मुभा मिळते, तो दंड फीच्या दहा पटींपर्यंत जाऊ शकतो. कचेरीत आधी सादरीकरण आणि फी, मग कबुली. लिहून देणाऱ्याला अधिकारी विचारतात, हा दस्त तुम्ही करून दिलाय का? तो हो म्हणतो, ओळख पटवणारे दोघे त्याला ओळखतो म्हणून सांगतात, फोटो आणि अंगठा होतो. हे विचारणं फक्त दस्त करून दिल्याबद्दल आहे. विकणारा खरा मालक आहे का, याची हमी नोंदणी देत नाही. म्हणून शोध आधी. नोंदणी झाली, की दस्त सहीच्या तारखेपासून लागू होतो, नोंदणीच्या नाही.

मग फेरफार. खरेदीखताची माहिती कचेरीतून तलाठ्याकडे जाते. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर नाव चढतं. हरकत आली, तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. पण नाव लागायला सहा महिने लागले, म्हणून मालकी सहा महिने लटकत नाही. ती खरेदीखताने आलेलीच असते. उलट, चुकून कुणाचं नाव सातबाऱ्यावर लागलं, म्हणून तो मालकही होत नाही. फेरफार महसूल वसुलीसाठी असतो, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय.

बक्षीसपत्राचे नियम थोडे वेगळे. तेही नोंदवावंच लागतं, शिवाय दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीतच ते स्वीकारायला हवं. ही स्वीकृतीची ओळ दस्तात राहून जाते. राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना दिली, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, शहरी हद्दीतला अधिभार वेगळा.

फ्लॅटचा सातबारा तुमच्या नावावर होत नाही. तिथे खरेदीखतानंतर सोसायटीकडे हस्तांतरणाचा अर्ज करून भाग दाखल्यावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, नाव चढवून घ्यायचं. सोसायटीने जुना भाग दाखला मागितला आणि तो विकणाऱ्याने बँकेत ठेवलेला निघाला, की काम अडतं. तेव्हा शेवटचा धनादेश देताना तो मूळ दाखला आणि आधीच्या सगळ्या खरेदीखतांच्या मूळ प्रती हातात घ्या. झेरॉक्सवर समाधान मानू नका.

नमस्कार.