तुटतो तो टोकाचा बोल्ट: सिल्व्हराडोचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदलताना

आज एकाच गाडीबद्दल बोलणार आहे: शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, १९९९ ते २००६ या पिढीतली, फोर-बाय-फोर, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क या भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तिथल्या जुन्या सिल्व्हराडोत एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला जळालेला वायू गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाचा) एखादा बोल्ट तुटलेला असणं अगदी नेहमीचं. तिथल्या मराठी मंडळींपैकी कोणी अशी गाडी जुनी घेत असेल तर ती सकाळी, इंजिन थंडगार असताना बघावी. बोल्ट तुटला असेल तर फटीतून वायू गळतो, सुरू करताच टिक-टिक ऐकू येते आणि इंजिन तापलं की विरते. दुपारी गेलात तर काहीच कळणार नाही.

मॅनिफोल्ड ज्यावर बसतं ते सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बिडाचं. ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हेडच जास्त वाढत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात हेडमधून कूलंट फिरतं, ते शंभर अंशांच्या आसपास राहतं. मॅनिफोल्ड पाचशेच्या घरात जातं. चारशे मिलिमीटर लांबी धरली तर मॅनिफोल्ड साधारण २ मिमी वाढतं, हेड पाऊण मिमी. हा फरक दोन्ही टोकांना वाटला जातो. मधले बोल्ट स्वस्थ राहतात, टोकाचे दर वेळी वाकतात, सरळ होतात. त्यात गंज. शेवटी डोकं उडतं, बहुतेकदा मागच्या टोकाचं, आठव्या किंवा सातव्या सिलिंडरपाशी. आवाज तापल्यावर थांबतो तोही याच वाढीमुळे, फट बुजते म्हणून.

आवाज टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) तर नाही ना, हे आधी ठरवा. संशय असेल त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) विजेचा जोड काढा. गळती असेल तर टिक-टिक मंदावते, टॅपेटची तशीच राहते. स्पार्क प्लगची वायर काढून ही चाचणी करू नका, न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. गाडीचा कॉम्प्युटर बिघाडाचे कोडही दाखवतो. पी०१७१ हा कोड चालकाच्या बाजूचा, पी०१७४ शेजारच्या बाजूचा: फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो. कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येण्याचा धोका तर आहेच, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नये.

सामान: एका बाजूला सहा, म्हणजे एकूण बारा नवे एम८ × १.२५ बोल्ट, थरांच्या स्टीलची दोन गॅस्केट, खालच्या पाइपच्या फ्लँजची (मॅनिफोल्डला जोडणाऱ्या कडेची) दोन सील. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बॅटरी काढा, पुढचं चाक आणि मडगार्डचं आतलं प्लास्टिक काढा. मागचे बोल्ट याच वाटेने हाताला लागतात. शेजारच्या बाजूला ऑइलच्या डिपस्टिकची नळी सोडवावी लागते. चालकाच्या बाजूला स्टिअरिंगचा दांडा आणि फोर-बाय-फोरचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणून फ्लँजचे नट लांब एक्स्टेंशन लावून मागून काढणं सोयीचं. स्टिअरिंगचा दांडा सोडवलाच, तर स्टिअरिंगचं चाक बांधून ठेवा. ते मोकळं फिरलं तर आतली एअरबॅगची कॉइल तुटते.

खरं काम तुटलेला बोल्ट काढण्याचं. दोन-तीन मिमी जरी बाहेर असला तरी त्यावर वॉशर, वॉशरवर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा. स्टीलचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, आणि त्या धगीने गंजाची पकडही सुटते. लाली गेली की पाना लावा, मागे-पुढे हलवत काढा. नट तुटला तर दुसरा लावा. हे तीन-चार वेळाही करावं लागतं, पण ड्रिलपेक्षा बरं. सपाटीला तुटला असेल तर शेजारच्या भोकांना बसणारी गाइड प्लेट लावून, उलट्या फिरकीच्या ड्रिलने बरोबर मध्ये भोक पाडा. नुसत्या हाताने ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतं आणि हेडचे आटे जातात. कडक स्टीलचा एक्स्ट्रॅक्टर (तुटलेल्या बोल्टात रुतवून तो फिरवून काढायचं हत्यार) मी सुचवणार नाही, तो आत तुटला की त्याला ड्रिल लागत नाही. हेडच्या टोकाच्या भोकात बसून मॅनिफोल्ड दाबून धरणारा क्लॅम्प बाजारात मिळतो, तो तात्पुरता म्हणून ठीक.

आता आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ करा, हेडचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने. खरखरीत डिस्क ॲल्युमिनियमवर फिरवू नका. जुनं मॅनिफोल्ड परत बसवायचं असेल तर त्यावर सरळ पट्टी ठेवा, ०.२५ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) खाली गेलं तर ते घासून घ्या किंवा बदला. वाकलेलं मॅनिफोल्ड बोल्टने सरळ करायला गेलात तर टोकाचाच बोल्ट पुन्हा जाणार. गॅस्केटला सिलिकॉन लावू नये.

इंजिन थंड असताना सगळे बोल्ट हाताने लावा. मधल्यापासून टोकांकडे, आधी १५ न्यूटन-मीटर, मग २५. नंतरच्या पिढीला २०, म्हणून आपल्या वर्षाचं मॅन्युअल बघा. कंपनी आट्यांवर थ्रेडलॉकचा (बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) ५ मिमी रुंद पट्टा सांगते. मिठाच्या प्रदेशातले मेकॅनिक निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावतात; ते लावलं तर टॉर्क (कसण्याचा जोर) थोडा कमी ठेवा, कारण आटे निसरडे होतात. थ्रेडलॉक लावलेला बोल्ट मात्र नंतर पुन्हा कसू नये, पकड सुटते. फ्लँजच्या नटांना ५० न्यूटन-मीटर.

पहिल्यांदा इंजिन तापताना थोडा धूर येतो, तो हाताच्या तेलाचा. दुसऱ्या सकाळी थंड इंजिनावर पुन्हा टिक-टिक आली, तर मॅनिफोल्ड काढण्याआधी फ्लँजचं सील तिरकं बसलंय का ते बघा.