दिसायला रोव्हर

[दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर फक्त गाडीची बाजूची रेषा. प्रकाश नाकाकडून शेपटीकडे सरकतो.]

ही गाडी आधी बाजूनं पाहा. नाक खाली, अरुंद, पुढं झेपावलेलं. तिथून बोनेट लांबच लांब मागं जातं, काच उताराला लागते आणि छप्पर कुठंही न अडखळता थेट मागच्या बंपरपर्यंत उतरत येतं. डिकीचा वेगळा खोका नाहीच. ज्या रस्त्यांवर मोठी गाडी म्हणजे ॲम्बॅसडर, तिथं १९८५ मध्ये ही अवतरली. नाव स्टँडर्ड २०००. बनवणारी कंपनी मद्रासची, स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया.

उभी असेपर्यंत तिला तोड नव्हती. अडचण चावी फिरवल्यावर सुरू व्हायची.

[दृश्य: इंग्लंड, सत्तरचं दशक. कारखान्याची जुनी छायाचित्रं.]

हा देह मद्रासचा नव्हता. तो घडला इंग्लंडमधल्या सॉलिहलला, रोव्हरच्या कारखान्यात. रोव्हर एसडी-१ ही गाडी १९७६ च्या जूनमध्ये बाजारात आली. रूप डेव्हिड बेश यांचं, यंत्रशास्त्र स्पेन किंग यांचं; रेंज रोव्हरही याच किंगसाहेबांची. बेश यांनी समोर ठेवली होती फेरारीची डेटोना. पुढचा भाग, दिव्यांची ठेवण, दारांवरून धावणारी ती खोल रेघ, सगळ्यांत डेटोना दिसते आणि त्यांनी ती लपवलीही नाही. पण डेटोना ही श्रीमंतांच्या हौसेची दोन आसनी गाडी. बेश यांनी तोच डौल पाच दारांच्या, घरच्या माणसांना घेऊन जाणाऱ्या गाडीवर चढवला. हे सोपं काम नव्हे. पाच दारांची गाडी देखणी करायला निघालेले बहुतेकजण शेवटी दुधाची व्हॅन बनवून थांबतात.

आत डोकावलं तर आणखी एक करामत. वेग आणि तापमान दाखवणारी मीटरं डॅशबोर्डात बसवलेलीच नाहीत. ती एका सुट्या खोक्यात आहेत आणि तो खोका डॅशबोर्डवर नुसता ठेवलेला आहे. कारण असं, की डॅशबोर्ड दोन्ही बाजूंनी सारखा आहे. डावीकडे स्टिअरिंग हवं असेल तर खोका उचलून तिकडे ठेवायचा. स्टिअरिंगचा दांडा जिथून निघतो ते भोक दुसऱ्या बाजूला हवेची जाळी बनतं. एकच साचा, दोन्ही बाजारांना पुरणारा. काटकसर इतकी हुशारीनं केलेली क्वचित दिसते.

बोनेटखाली साडेतीन लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडर व्ही आकारात मांडलेलं इंजिन, १५५ अश्वशक्ती. ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पळायची. ब्रिटिश पोलिसांनी ती मोटरवेवरच्या गस्तीसाठी घेतली. १९७७ ची युरोपियन कार ऑफ द इयर तीच.

आणि तरीही घेणारे वैतागले. रोव्हर तेव्हा ब्रिटिश लेलँड या सरकारी मालकीच्या अवाढव्य समूहात होती. संप, घाई आणि ढिलाई या तिन्हींचा वाटा प्रत्येक गाडीत थोडाथोडा उतरला. रंगाचे पापुद्रे निघायचे. पाऊस आत यायचा. इलेक्ट्रिकची कामं मध्येच मान टाकायची. नंतर आलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत झडपा हलवणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत तेल नीट पोचत नसे आणि इंजिन अकाली झिजून जाई. देखणेपणाला पहिलं गालबोट लागलं ते तिथं, जन्मगावी. एक मात्र ध्यानात ठेवायला हवं: इंग्लंडमध्ये ओरड होती ती बांधणीची. व्ही-८ पळत नाही, असं कुणी म्हणालं नाही.

[दृश्य: स्टँडर्ड हेरल्ड. बोनेट पुढच्या मडगार्डांसकट वर उचललं जातं.]

आता मद्रास. स्टँडर्ड हे मूळ नाव इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं. तिकडे ते १९६३ मध्ये गाड्यांवरून पुसलं गेलं. आपल्याकडे मात्र पुढं पंचवीस वर्षं मिरवत राहिलं. देखण्या गाडीचा नादही या कंपनीला जुनाच. १९६१ पासून ती हेरल्ड बनवत होती. इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखलेली ही गाडी ॲम्बॅसडर आणि फियाटच्या मध्ये उभी राहिली की नजर आधी तिच्याकडे जायची. अंगणाएवढ्या जागेत वळायची. पण मागची चाकं एका आडव्या पाट्यावर, प्रत्येक चाक स्वतंत्र झुलणारं, अशी तिची रचना होती, आणि आपल्या खड्ड्यांनी ती रचना खिळखिळी केली. १९७२ च्या गॅझेलमध्ये कंपनीनं ती काढून साधा सलग ॲक्सल बसवला. सत्तरीच्या उत्तरार्धात गॅझेलही बंद पडली आणि कंपनी हलक्या व्यावसायिक वाहनांवर गुजराण करत राहिली.

मग ऐंशीचं दशक आलं, वारं बदललं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. परदेशी कंपन्यांशी करार करायला सरकार थोडं सैल झालं. गाड्यांच्या धंद्यात परतायचं असेल तर हीच वेळ, हे मद्रासच्या मंडळींनी अचूक हेरलं. जोडीला मागितली ती थेट रोव्हर एसडी-१. निवड धाडसाची होती आणि चांगलीही.

व्ही-८ मात्र आलं नाही. त्याऐवजी जे बसवलं, त्याची जन्मकथा सांगण्यासारखी आहे.

[दृश्य: १९४० च्या दशकाची शेवटची वर्षं. स्टँडर्ड व्हॅनगार्ड. मग शेतात चालणारा राखाडी फर्ग्युसन ट्रॅक्टर.]

दुसरं महायुद्ध संपल्यावर कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्डनं एक चार सिलिंडरचं इंजिन काढलं. व्हॅनगार्ड या मोटारीत ते आलं. तेच इंजिन, थोडं लहान करून, फर्ग्युसनच्या टीई-२० ट्रॅक्टरातही आलं, कारण ते ट्रॅक्टरही स्टँडर्डच बनवत होती. इंजिनाची गंमत त्याच्या सिलिंडरात आहे. ते ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात, कोरलेले नसून सुट्या नळकांड्यांसारखे आत बसवलेले असतात आणि त्यांच्याभोवती थेट पाणी खेळतं. मिस्त्री त्यांना लायनर म्हणतात. झिजले की बाहेर काढायचे, नवे घालायचे, ब्लॉक तसाच. नळकांडं अरुंद घातलं की इंजिन लहान, रुंद घातलं की मोठं. व्हॅनगार्डमध्ये ८५ मिलिमीटर व्यास, म्हणजे २,०८८ सीसी. ८३ केला की १,९९१ सीसी.

याच १,९९१ सीसीच्या इंजिनानं १९५३ मध्ये ट्रायम्फ टीआर-२ ही स्पोर्ट्स कार पळवली, आणि झकास पळवली. तेव्हा इंजिन टाकाऊ होतं असं कुणी म्हणू नये. पण टीआर-२ एका टनाहूनही हलकी होती, आणि वर्ष १९५३ होतं.

स्टँडर्ड २००० मध्ये याच घराण्याचं १,९९१ सीसीचं इंजिन आलं. ओतीव लोखंडाचं, वजनदार, ९२ मिलिमीटर लांब स्ट्रोकचं; स्ट्रोक म्हणजे सिलिंडरातल्या दट्ट्याचा वर-खाली प्रवास. लांब स्ट्रोकचं इंजिन कमी फेऱ्यांत जोर लावतं, म्हणजे नांगराला उत्तम. जास्त फेऱ्यांत ते धापा टाकतं. शक्ती ऐंशीच्या थोडी वर. गिअर चारच. आणि ओढायचा होता सुमारे तेराशे किलोंचा देह.

एक साधा हिशेब मांडू. एका टनाला किती अश्वशक्ती? इंग्लंडच्या व्ही-८ रोव्हरमध्ये शंभरच्या बऱ्याच वर. मद्रासच्या रोव्हरमध्ये साठ-पासष्ट. आणि मारुती ८०० मध्ये? चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, वजन साडेसहाशे किलोच्या घरात: तिथंही साठीच. म्हणजे डेटोनाचा चेहरा घेऊन आलेल्या या गाडीत दर किलोमागे जोर होता तो मारुतीएवढाच, आणि ॲव्हरेज मात्र मारुतीच्या जवळपासही जाणारं नव्हतं.

[दृश्य: घाटरस्ता. पुढं मालट्रक, मागं मोटारींची रांग.]

हे कागदावर वाचणं वेगळं. खंडाळ्याच्या घाटात, द्रुतगती मार्ग व्हायच्या आधीच्या त्या जुन्या रस्त्यावर, ट्रकला ओलांडायला पिकअप लागायचा. पाच माणसं, मागं सामान, समोर चढ. अशा जागी या इंजिनाकडून कोणती अपेक्षा करता येईल, ते वरच्या हिशेबातच आहे. आपल्या रस्त्यांसाठी गाडी जमिनीपासून थोडी उंच केलेली होती. खालून ती सुरक्षित झाली खरी. पण एसडी-१ चं सगळं सौंदर्य जमिनीला बिलगण्यात होतं. टाचा उंचावून उभ्या राहिलेल्या एसडी-१ चं छायाचित्र बेश यांनी कधी पाहिलं की नाही कोण जाणे.

गिऱ्हाईकही विचारात घ्या. देशी गाड्यांतल्या सर्वांत महागड्यांपैकी ही एक. एवढे पैसे मोजणारा माणूस तेव्हा बहुधा मागं बसायचा, पुढं ड्रायव्हर. एसडी-१ ही चालवणाऱ्याची गाडी होती. ज्या गोष्टीसाठी ती घ्यायची, तीच काढून टाकलेली, आणि बाकी उरलं ते पोर्चमध्ये उभं करायचं सुख. हे सुख खोटं नाही. पण पेट्रोलचं बिल दरमहा येतं.

मग असं इंजिन बसवलंच का? सोपं उत्तर म्हणजे लायसन्स राज. परकीय चलनाची चणचण, आयातीवर बंधनं, सुटे भाग देशातच बनवण्याचा आग्रह. हे खोटं नाही. बाहेर बंद झालेल्या किंवा बंद होऊ घातलेल्या मॉडेलचे साचे तुलनेनं स्वस्तात मिळतात. इंजिनाचं तसं नसतं. त्याच्या मागं ओतकाम, यंत्रं, शेकडो पुरवठादार, गावोगावचे मिस्त्री असा सगळा लवाजमा लागतो. तो आधीच उभा असेल तर नवं इंजिन कोण आणेल?

त्या काळी सगळ्यांनी हेच केलं. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्सनं इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचे साचे आणले आणि १९८४ मध्ये कॉन्टेसा काढली. अंग रुंद, रुबाबदार. आत ॲम्बॅसडरचंच दीड लिटरचं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं इंजिन. टनाचा हिशेब मांडलात तर कॉन्टेसा स्टँडर्ड २००० पेक्षाही दुबळी निघते. पण लायसन्स राजचं कारण इथवरच पुरतं. कारण काही वर्षांतच हिंदुस्तान मोटर्सनं जपानच्या इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आणलं आणि त्याच कॉन्टेसाला जीव आला. ती २००२ पर्यंत टिकली. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियरनं तर १९८५ मध्ये ११८ एनई काढताना सुरुवातीलाच निस्सानचं इंजिन घेतलं. अंग जुन्या फियाट १२४ चं, डोळ्यांत भरणारं काही नाही. पण चालायला समाधानकारक.

म्हणजे दार अगदीच बंद नव्हतं. मद्रासला ते ठोठावणं परवडलं नाही, की आपलं जुनं इंजिन पुरेल असंच खरोखर वाटलं? मला दुसरं जास्त खरं वाटतं. वर्षानुवर्षं एकाच इंजिनाचे लायनर बदलत जगलेल्या कारखान्याला ते इंजिन म्हातारं दिसत नाही. शिवाय बाहेरून गाडी इतकी सुंदर आली होती, की तिनं सगळं सांभाळून घ्यावं, असं वाटण्यात फार काही चूकही नाही. गिऱ्हाइकालाही आधी तसंच वाटलं असणार.

[दृश्य: गंजलेलं फाटक. मग इंग्लंडमधलं सुट्या भागांचं गोदाम, फळ्यांवर बंपर, काचा, दिवे.]

१९८८ मध्ये स्टँडर्ड २००० थांबली आणि त्यासोबत कंपनीचं मोटार बनवणंही संपलं. स्टँडर्ड या नावानं जगात बनलेली ती शेवटची मोटार.

मद्रासच्या कारखान्यात एसडी-१ चे न वापरलेले सुटे भाग शिल्लक होते. इंग्लंडमध्ये तोवर मूळ रोव्हरही बंद पडली होती; १९८६ मध्ये होंडाच्या साथीनं बनलेल्या रोव्हर ८०० नं तिची जागा घेतली होती. पण तिकडे तिचे भक्त होते, त्यांच्या गाड्या गंजत होत्या आणि भाग मिळेनासे झाले होते. लिंकनच्या रिमर ब्रदर्स या जुन्या ब्रिटिश गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीनं मद्रासचा तो शिल्लक साठा सगळाच्या सगळा विकत घेतला आणि बोटीनं इंग्लंडला नेला. ज्या गाडीनं मद्रासची कंपनी बुडवली, तिच्याच उरल्यासुरल्या भागांवर इंग्लंडातल्या रोव्हर रस्त्यावर राहिल्या. त्यांच्या बोनेटखाली अर्थात व्ही-८ होतं.