फूल उमललं, मोबाईल कुठंय?

नमस्कार मंडळी, आज जरा काटेरी झाडं आणि त्यांच्या कुंडीतल्या सोबत्यांच्या फुलांचे मोबाईलवर फोटो कसे काढायचे, याबद्दल बोलूया. मुंबईत बसून वाळवंटातल्या फुलांचे फोटो म्हटलं की लोक हसतात, पण तुमच्याच खिडकीच्या ग्रिलमध्ये डोकावून बघा ना, एक जाड बुंध्याचं, गुलाबी फुलांचं अडेनियम असतं, कोपऱ्यात निवडुंगाची छोटी कुंडी असते, ऑफिस टाइम नावाचं छोट्या रंगीत फुलांचं झाड तर असतंच असतं आणि शेजारच्या काकूंनी पान तोडून दिलेलं ब्रह्मकमळ. अडेनियम आलंय आफ्रिका-अरबस्तानातून, ऑफिस टाइम दक्षिण अमेरिकेतून, आणि हे आपलं कुंडीतलं ब्रह्मकमळ म्हणजे मेक्सिकोकडचं कॅक्टस बरं का! काटे दिसत नाहीत म्हणून पटत नाही, आणि ज्याला आपण पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड आहे. फक्त हे वाळवंटातलं नाही, दमट जंगलात झाडांवर वाढणारं, म्हणून तर आपल्या पावसाळ्यात इतकं खूश असतं.

मला विचाराल तर या फोटोंमध्ये कॅमेरा दुय्यम, फुलाचं टाइमटेबल आधी. ब्रह्मकमळाची कळी सुरुवातीला खाली लोंबत असते, मग फुलायच्या एक-दोन दिवस आधी तिची लांब नळी हंसाच्या मानेसारखी वर वळते. एखाद्या संध्याकाळी कळी टम्म फुगलेली आणि टोकाला किंचित सैल झालेली दिसली की समजायचं, आज जागरण. आठ-नऊला उघडायला लागतं, मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण, आणि उजाडेपर्यंत मान टाकलेली.

आता होतं काय, फूल उमललं की अख्खी विंग गोळा होते, उदबत्ती, हळद-कुंकू, सेल्फी, आणि सगळ्यांचे फ्लॅश धडाधड. त्या फोटोत फूल म्हणजे नुसता पांढरा ठिपका! फ्लॅश बंद करा आधी. दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च बटर पेपर लावून बाजूने धरायला सांगा कुणाला तरी, म्हणजे पाकळ्यांची जाडी, आतले केसरांचे झुबके दिसायला लागतात. मागे काळा चार्ट पेपर लावा, नाहीतर समोरच्या बिल्डिंगचे एसी फोटोत येतात. पण मागे काळं असलं की मोबाईलला वाटतं फार अंधार आहे आणि तो सगळंच उजळवून टाकतो, म्हणून फुलावर बोट टेकवून ब्राइटनेस खाली ओढायचा, फोटो थोडा काळपट वाटला तरी चालेल. पंखा बंद. आणि पोर्ट्रेट मोड नकोच, बाहेरच्या त्या बारीक बारीक पाकळ्या तो बॅकग्राउंड समजून पुसून टाकतो, मला तर त्याच पाकळ्या सगळ्यात आवडतात.

बऱ्याच काटेरी कॅक्टसचं उलट आहे, त्यांना दिवसाचा उजेड हवा. मॅमिलेरिया नावाच्या छोट्या गोलसर कॅक्टसला डोक्यावर छोट्या गुलाबी फुलांचं कडं येतं, ती ऊन असताना उघडतात. सूर्य झाडाच्या मागे ठेवून बघा, काटे नुसते चमकतात. मोबाईल अगदी नाकाशी नेऊ नका, त्याचीच सावली पडते, थोडं मागे सरकून दोनपट झूम करा.

बाय द वे, नर्सरीत फुलासकट कॅक्टस घेताना नीट बघा, कधी कधी सुकलेली रंगीत फुलं गमने चिकटवलेली असतात! महिनाभर न मिटणारं फूल दिसलं की शंका घ्या. आणि हिरव्या दांड्यावरचा तो लाल-पिवळा गोळा, तेही फूल नाही, हरितद्रव्य नसलेलं कॅक्टस दुसऱ्या कॅक्टसवर कलम केलेलं असतं.

ऑफिस टाइमचा फोटो मात्र रविवारी उशिरा उठणाऱ्यांच्या नशिबात नाही, सकाळी ऊन चढलं की उघडतं आणि संध्याकाळच्या आत मिटून मोकळं, शिवाय ढग आले तर नीट उघडतच नाही. अशा दिवशी सरळ अडेनियमकडे वळा, ते बिचारं मिटत नाही, चांगले काही दिवस टिकतं, पावसाचे थेंब असले तर अजूनच छान. फक्त फोटोसाठी फांदी वाकवताना तुटली तर पांढरा चीक येतो तो विषारी असतो, हात स्वच्छ धुवा, घरात लहान मुलं असतील तर कुंडी जरा उंचावरच असू द्या.