हिरव्या कॅप्सूलची गोष्ट

अँजिओप्लास्टी करून माणूस घरी आला की भेटायला येणारे शहाळी आणतात, आणि त्यातला एखादा तरी खिशातून कॅप्सूलचं पाकीट काढतो, "अँटिऑक्सिडंट आहे हो, घ्या, नुकसान तर काही नाही ना!" बऱ्याचदा ती व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल असते. हो तीच, जी फोडून केसांच्या तेलात घालतात.

आता यात काहीच दम नव्हता असं नाही हां. अटॅकमध्ये धमनी बंद पडते, डॉक्टर ती उघडतात, रक्त परत सुरू होतं आणि नेमकं तेव्हाच हृदयाच्या स्नायूत फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या उतावळ्या रेणूंचा, लोंढा येतो, म्हणजे जे रक्त वाचवायला आलं तेच थोडी मोडतोडही करून जातं. मग या रेणूंना थंड करणारं अँटिऑक्सिडंट दिलं की झालं काम, असं कुणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही वाटलंच की.

1996 मध्ये केंब्रिजमधून बातमी आली. 2002 हृदयरोगी, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना नुसती दिसायला तशीच कॅप्सूल, आणि जीवावर न बेतणारे अटॅक 77 टक्क्यांनी कमी! सगळे खूश. त्याच अभ्यासात हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी झाले नव्हते, पण ते कोण वाचतंय.

मग 1999, इटली, जिस्सी नावाची ट्रायल. अटॅक येऊन जेमतेम तीन महिने झालेले 11,324 पेशंट, म्हणजे अगदी आपल्या घरी आलेल्या माणसासारखे. साडेतीन वर्षं बघितलं, व्हिटॅमिन ईचा ठोस फायदा दिसला नाही. 2002 मध्ये ब्रिटनमधल्या ट्रायलचा निकाल आला, 20,536 जणांपैकी निम्म्यांना ई, सी आणि बीटा कॅरोटीन असं सगळंच देऊन बघितलं, रक्तातलं व्हिटॅमिन मस्त वाढलं, पण अटॅक, स्ट्रोक, मृत्यू, कशातच फरक नाही. आणि होप ट्रायलमध्ये तर रोज 400 युनिट ई घेणाऱ्यांत, सात-एक वर्षांनी, हार्ट फेल्युअर 13 टक्के जास्त निघालं. घ्या!

असं का, याची एक बाजू तर सरळ आहे. तो लोंढा धमनी उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांतला, आणि कॅप्सूल येते डिस्चार्जनंतर, शहाळ्यांबरोबर. शिवाय शरीर हेच फ्री रॅडिकल्स निरोप पोचवायलाही वापरतं, सगळेच काही शत्रू नाहीत.

पाकीट टेबलावर पडलंच असेल तर पुढच्या व्हिजिटला सोबत न्या, खास करून रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असेल तर, कारण जास्त डोसच्या ईमुळे रक्तस्राव वाढू शकतो.