भाकर मोडणारे हात

श्रोतेहो, सलाम.

संडेस्कूलमध्ये आमच्या बाई फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून गोष्टी सांगायच्या. त्यातली अम्माऊस गावाच्या वाटेची गोष्ट आली की मला भारी राग यायचा. यरुशलेमहून निघालेली दोन माणसं, तोंडं पडलेली. येशूला क्रुसावर देऊन तिसरा दिवस. मागून एक वाटसरू येऊन त्यांना गाठतो. तो मेलेल्यांतून उठलेला येशूच असतो, फळ्यावर तर अगदी स्पष्ट दिसत असतो, आणि हे दोघे खुशाल त्यालाच विचारतात, बाबा रे, यरुशलेमेत काय झालं ते तुला एकट्यालाच कसं ठाऊक नाही? सगळी वाट अकरा-एक किलोमीटरची. बराच वेळ शेजारी चालणारा माणूस ओळखू येत नाही म्हणजे काय, असं मला वाटायचं.

आता साठी ओलांडली, तेव्हा त्या दोघांची बाजू पटायला लागली आहे.

शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चार चरित्रं, नीट वाचली तर ध्यानात येतं की पुनरुत्थानानंतर त्याला पहिल्या नजरेत जवळजवळ कोणीच ओळखलेलं नाही. मग्दालिया मरीयेला तो माळी वाटला. तिबिर्याच्या समुद्रावर शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी परतत होते, आणि पहाटे काठावर उभा असलेला तो कोण, हे त्यांना कळलं नाही. हे सगळे त्याच्याबरोबर जेवलेले, फिरलेले लोक. मरीयेनं ओळखलं ते त्यानं नावानं हाक मारली तेव्हा. अम्माऊसच्या दोघांनी ओळखलं ते जेवायला बसल्यावर. त्यानं भाकर घेतली, आशीर्वाद दिला, मोडली आणि त्यांना दिली. तेवढ्यात डोळे उघडले, आणि तेवढ्यात तो दिसेनासा झाला.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तिथं ‘भाकर’ हाच शब्द आहे, आणि मला तो फार आवडतो. पावाला सुरी लागते. भाकर हातानंच मोडायची असते, आणि प्रत्येकाची मोडायची रीत वेगळी. माझी आई आधी पापुद्रा उचलून वाफ जाऊ द्यायची, मग मोडायची. वडील दुमडून मधोमध मोडत. अंधारात नुसते हात दिसले असते तरी कोण आहे ते मी सांगितलं असतं. त्या दोघांचंही तसंच काहीसं झालं असेल, असं मला वाटतं. वाटेवर त्याच्या तोंडून शास्त्राचा एवढा उलगडा ऐकून मन आतून पेटलं होतं खरं, पण ते त्यांना आठवलं नंतर. ओळख पटली ती हातांवरून.

वडिलांचीच गोष्ट सांगते. बरीच वर्षं झाली. ते एका सरकारी दवाखान्यात भरती होते, आणि तिसरी रात्र मी वॉर्डाबाहेरच्या फरशीवर सतरंजी टाकून काढत होते. हातात नवा करार, ओठांवर एकच प्रार्थना, प्रभू, जवळ ये, काहीतरी दाखव. माझ्या शेजारी खेड्यातली एक बाई बसली होती. तिचा मुलगा आत होता. कपाळावर ठसठशीत कुंकू, पदराला हळदीचे डाग. तिनं फडकं सोडलं, बाजरीची भाकरी काढली, मोडली. दोन तुकडे सारखे झाले नाहीत. तिनं दोन्हींकडे एकदा बघितलं आणि मोठा माझ्या हातावर ठेवला, वर ठेचा. मी नको म्हणाले, तर खेकसलीच. “पुस्तक पळून जातंय का? आधी खाऊन घे, मग काय वाचायचं ते वाच.”

मी खाल्लं आणि पुन्हा प्रार्थना करू लागले. प्रभू, जवळ ये.

हसू येतं ना? मलाही येतं, पण ते पाचव्या दिवशी एसटीत बसल्यावर आलं. तोवर तिच्या मुलाची खाट रिकामी झाली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं.

आपल्या मंडळीत कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांबद्दल किती बोललं जातं! त्यांच्या ख्रिस्ती विश्वासाचीही सुरुवात वाटेत भेटलेल्या अशाच एका अनोळखी माणसापासून आहे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला, गप्पा झाल्या, आणि उतरताना त्यानं नव्या कराराची एक प्रत हाती दिली. टिळक ती वाचू लागले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी होता, असं काही जण सांगतात.

पुष्कळ वेळा कानावर येतं, “आज उपासनेत प्रभूची उपस्थिती फार जाणवली.” जाणवली असेल, मी नाही म्हणत नाही. पण गाणी रंगली आणि पेटी-तबला जमला की ते वाक्य हमखास येतं, हेही मी पाहिलं आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, शेवटच्या न्यायाच्या वेळी, तर धार्मिकच राजाला विचारतात, प्रभू, तू भुकेला होतास आणि आम्ही तुला खायला दिलं, असं कधी झालं? डाव्या हाताला उभे केलेले, दोषी ठरलेले लोकही तसाच प्रश्न विचारतात. म्हणजे ओळखलं दोघांनीही नव्हतं. फरक एवढाच, की एकांनी ताट वाढलं होतं.

अम्माऊसच्या दोघांनीही वाढलंच होतं की. दिवस उतरला आहे, आता पुढं जाऊ नका, आमच्याकडेच राहा, असा आग्रह त्यांनी एका परक्या वाटसरूला केला. तो तर पुढं जायच्या बेतात दिसत होता, असं ही गोष्ट लिहिणारा लूक सांगतो. आणि भाकर मोडल्यानंतर काय झालं पाहा. अंधार पडतोय म्हणून दुसऱ्याला थांबवणारे हेच दोघे तडक उठले आणि तीच अकरा किलोमीटरची वाट पुन्हा तुडवत यरुशलेमला गेले.

ताटातली भाकर तशीच टाकून गेले की बरोबर बांधून घेतली, हे लूकानं लिहिलेलं नाही. माझी आई म्हणायची, बांधून घेतली असणार. वाटेत कोणी भेटलं तर लागते.

सलाम.