हरणामागं पळू नका

नमस्कार श्रोतेहो. कॉलेजच्या पोरांना बास्केटबॉल शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. आज एका हरलेल्या सामन्याबद्दल बोलतो.

आपल्या मराठवाड्यात चपळ पोरगं आधी खो-खो, कबड्डीत जातं. उंच असेल तर व्हॉलीबॉलवाले उचलतात. उरलेले आमचे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमची गाठ पडली ती अशा संघाशी, की ज्यांची दोन पोरं वॉर्म-अपमध्येच रिंगला लोंबकळत होती. रिंग जमिनीपासून 3.05 मीटर, म्हणजे 10 फुटांवर. आमचा सगळ्यात उंच गडी उडी मारून जाळीला बोटं लावायचा. आमची पोरं स्वतःचे शॉट सोडून तिकडंच बघत उभी राहिली. मला तेव्हाच घाम फुटला.

पहिल्या दहा मिनिटांत 24-9. ते वेगात खेळले, म्हणून आम्हीही वेगात खेळायला गेलो. घाईत शॉट, चुकला की रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उडालेला बॉल, त्यांचा, आणि आपली पोरं वळायच्या आत पलीकडं ले-अप, पळत जाऊन बास्केटजवळून सोपा शॉट! ज्वारीच्या रानात हरणामागं पळावं, तसली गत.

टाइम-आउट घेतला. म्हटलं, "बाबांनो, शॉटला 24 सेकंद मिळतात, आठव्याच सेकंदाला काम्हून मारता? पास फिरवा. शॉट सुटला की दोघांनी मागं पळायचं, रिबाउंडच्या नादी लागायचं नाही." बचावात मॅन टू मॅन, म्हणजे एकानं एकाला धरायचं, ते सोडून 2-3 झोन लावला: दोघं पुढं, तिघं बास्केटजवळ, प्रत्येकानं आपली जागा राखायची. बास्केटखाली गर्दी झाली, तशा त्यांच्या उड्या कमी झाल्या.

झोनची खोटही सांगतो. प्रत्येकाचा माणूस ठरलेला नसतो, त्यामुळं शॉट सुटल्यावर कुणी कुणाला अडवायचं, हा घोळ होतो. आणि हल्ला करणाऱ्यानंच रिबाउंड घेतला, तर त्याला आणखी 14 सेकंद. म्हणून बॉक्स आउट. बॉलकडं बघायच्या आधी जवळचा माणूस हुडका, गुडघे वाकवून त्याला पाठीनं मागंच अडवा आणि मग उडी मारा. आमचा एक बुटका खो-खोपटू यात एवढा तरबेज निघाला, की त्याच्या मागचा सहा फुटी पंचांकडं तक्रारी करायला लागला.

1891 मध्ये जेम्स नेस्मिथनं हा खेळ काढला, तेव्हा बॉल घेऊन पळायलाच बंदी होती. जिथं झेलला, तिथूनच टाकायचा. पासिंगवर माझा जीव का, ते यावरून समजा.

दुसऱ्या-तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही फरक सहावर आणला. मग त्यांनी पूर्ण मैदानावर प्रेस लावला, म्हणजे आमच्या अर्ध्यातच येऊन आम्हाला अडवायला लागले. आठ सेकंदांत बॉल मध्यरेषेपार न्यायचा असतो. आमचा गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेणारा गडी, ड्रिबल करत कडेला गेला, तिथं दोघांनी त्याला कोंडला. एकदा नाही, चारदा. मधोमध एक माणूस उभा करून त्याच्याकडं पास द्यायचा, हे मी सरावात घेतलंच नव्हतं. चूक माझी. अकरा पॉइंटनी हरलो.

परतीच्या एसटीत गार्ड माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सर, मधी कोण उभारायचं?" मी तिकिटाच्या पाठीवर मैदान काढलं.